वही लपवू नका. नाव मात्र घाला

आमच्या बुद्धविहाराला लागून एक लांबट खोली आहे. समाजबांधवांच्या वर्गणीतून बांधलेली, वर टिनाचे छप्पर. दिवसा तिथे महिला मंडळाची बैठक होते, कधी नामकरण, कधी शोकसभा. संध्याकाळी सहा वाजले की तिची अभ्यासिका होते. चार टेबले, वीस-बावीस खुर्च्या, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि कपाटात पोलीस भरतीपासून तलाठी परीक्षेपर्यंतची पुस्तके. अंगणवाडीच्या कामातून निवृत्त झाले तेव्हापासून या खोलीची किल्ली माझ्याकडे असते. मुले मला बाई म्हणतात, काही मावशी म्हणतात.

गेल्या पावसाळ्यात या खोलीत दोन मुलींचे भांडण झाले. भांडण एका वहीवरून! एकीचे वडील राइस मिलमध्ये हमाली करतात. तिने वर्षभर खपून दोनशे पानी रजिस्टर भरले होते. भंडारा जिल्ह्याची माहिती, नद्या, तलाव, तालुके, इतिहास, कायदे, सगळे सुवाच्य अक्षरात. दुसरीची आई रोवणीच्या दिवसांत लोकांच्या बांधीत जाते, एरवी विड्या वळते. या दुसरीने दोन दिवसांसाठी ते रजिस्टर मागितले. पहिलीने ते सरळ दप्तरात कोंबले आणि म्हणाली, "मी रात-रात जागून लिवली हाय. थे तुले काहून देऊ? उद्या तूच मले मागे टाकशील त?"

खरे सांगते, वाचक बंधू-भगिनींनो, मला तिला लगेच रागावता आले नाही. जागा मोजक्या आणि अर्ज हजारोंनी, हे तिला ठाऊक आहे. हमालाच्या मुलीजवळ दुसरे काय असते? शिकवणीला पैसे नाहीत, ओळखपाळख नाही. असते ती एक वही. ती वही तिला तिजोरीसारखी वाटली तर नवल काय?

पण त्या रात्री मला माझी आई आठवली.

आई विड्या वळायची. आमच्या वस्तीत दुपारी पाच-सहा बाया एका ओसरीत सूप मांडीवर घेऊन बसत. तेंदूची पाने ओली करणे, पत्र्याच्या मापाने कात्रीने कापणे, चिमूटभर तंबाखू भरून वळणे, टोक मुडपणे, दोरा बांधणे. हे आईला कोणत्या शाळेने शिकविले? शेजारच्या बाईच्या हाताकडे पाहून ती शिकली. आणि तिच्या हाताकडे पाहून वस्तीत नव्याने आलेल्या सुना शिकल्या. एखादीच्या विड्या ठेकेदाराने छाटून टाकल्या, तर ती छाटलेली विडी सगळ्यांच्या हातातून फिरे. कुठे चुकले? पान सुकले होते की दोरा सैल? आईने आपला हात पदराखाली झाकून विडी वळली असती तर दुसऱ्या बायांचे नुकसान झाले असते हे खरे. पण तिचीही चूक तिला कोणी दाखविली नसती. त्या कामाने बायांच्या छातीत तंबाखू भरला, बोटे वाकडी झाली, मजुरी कधी पुरली नाही. त्या कामाचे गोडवे मला गायचे नाहीत. पण शिकण्याची ती रीत मात्र पक्की होती.

बाबासाहेबांनी आपली वही कशी उघडली

९ मे १९१६. न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ. मानववंशशास्त्राचे प्राध्यापक डॉ. गोल्डनवायझर यांची चर्चासभा भरली आहे. पंचवीस वर्षांचा एक भारतीय विद्यार्थी निबंध वाचायला उभा राहतो. विषय आहे भारतातील जाती, त्यांची यंत्रणा, उगम आणि विकास. हा विद्यार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर.

अशी चर्चासभा म्हणजे काय, हे आपल्या मुलांना समजावून सांगायला हवे. तिथे एकाने आपला विचार मांडायचा आणि बाकीच्यांनी तो तपासायचा, ठोकून पाहायचा, तोडता आला तर तोडायचा. टाळ्या मिळविण्याची ती जागा नव्हे. भीमरावांनी त्या निबंधात सेनार्ट, नेसफील्ड, रिस्ले यांच्या व्याख्या घेतल्या, आपल्याकडचे डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचीही व्याख्या घेतली, एकेकीत कुठे कमी आहे ते दाखविले आणि जातीचे मर्म जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या बंधनात आहे असे सांगितले. शेवटी काय म्हटले? माझा सिद्धान्त कोणी साधार खोडून काढला, तर त्याचाही मला आनंदच होईल, अशा अर्थाचे ते बोलले. पंचविसाव्या वर्षी, परक्या देशात, परक्या भाषेत! पुढच्याच वर्षी, मे १९१७ मध्ये, तो निबंध 'इंडियन अँटिक्वरी' या मासिकात छापून आला.

यापेक्षाही मोठी गोष्ट वीस वर्षांनंतरची आहे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने १९३६ च्या अधिवेशनासाठी बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलाविले. भाषण छापून तयार झाले. ते वाचून मंडळाचे लोक दचकले. काही भाग गाळा, असा आग्रह सुरू झाला. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलायला नकार दिला. अधिवेशन बारगळले आणि भाषण झालेच नाही. दुसरा एखादा असता तर कागद पेटीत टाकून गप्प बसला असता. बाबासाहेबांनी छापलेल्या १,५०० प्रती सरळ लोकांसमोर ठेवल्या. 'जातिसंस्थेचे उच्चाटन' म्हणून आज आपण ओळखतो तेच हे पुस्तक. दोन महिन्यांत प्रती संपल्या.

आता खरा मुद्दा येतो. गांधीजींनी आपल्या 'हरिजन' पत्रातून या पुस्तकावर टीका केली. १९३७ साली दुसरी आवृत्ती काढताना बाबासाहेबांनी काय करावे? गांधीजींचे ते लेख आपल्याच पुस्तकाच्या शेवटी छापले! आणि त्यांच्यापुढे आपले उत्तर छापले. दोन्ही बाजू वाचकाच्या हाती दिल्या आणि वाचकाला ठरवू दिले. आपल्यावरची टीका आपल्याच खर्चाने छापणारे पुढारी आज शोधून पाहा.

पुढे या पुस्तकाचा प्रवासही उघड्या वाटेनेच झाला. महाराष्ट्र शासनाने १९७९ साली बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचा पहिला खंड काढला, त्यात ते आले. या खंडांसाठी नागपूरचे वसंत मून यांनी किती कागद धुंडाळले आणि जपले, हे आपल्या जुन्या वाचकांना सांगायला नको. त्यानंतर ज्या विद्यापीठात तो १९१६ चा निबंध वाचला गेला, त्याच कोलंबियाच्या प्राध्यापिका फ्रान्सेस प्रिचेट यांनी हे सगळे पुस्तक टिपा जोडून इंटरनेटवर ठेवले. कोणीही, कुठूनही, फुकट वाचावे. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी स्वामित्व हक्काची मुदत संपते. म्हणून बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २०१७ पासून सर्वांसाठी खुले झाले आहे. लाखांदूरच्या मुलानेही ते मोबाईलवर उघडावे. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

या संदर्भात एक शब्द सांगावासा वाटतो. पाली ग्रंथांत 'आचार्यमुष्टी' येते. म्हणजे गुरूची बंद मूठ. शिष्याला सगळे शिकवायचे, पण एखादी किल्ली शेवटपर्यंत मुठीत ठेवायची, म्हणजे शिष्य कायम पायाशी राहतो. महापरिनिब्बान सुत्तात भगवान बुद्धांनी आनंदाला स्पष्ट सांगितले आहे की, अशी मूठ आपण ठेवलेली नाही. ज्यांच्या पूर्वजांना अक्षरच दिले गेले नाही, त्या आपल्या समाजाला बंद मुठीचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

तीन लोंब्या

असे असले तरी ती मुलगी जे विचारत होती, ते खोटे नव्हते. सगळे वाटून टाकले आणि आपण मागे पडलो तर? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला एक माणूस आठवतो. आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातला, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचा. दादाजी रामाजी खोब्रागडे.

आपला भंडारा धानाचा जिल्हा. तेव्हा धानाची गोष्ट आपल्या घरची गोष्ट आहे. दादाजी दलित कुटुंबातले, शिक्षण जेमतेम तिसरीपर्यंत, जमीन दीड एकर. १९८३ साली त्यांच्या बांधीत पटेल-३ जातीचा धान होता. त्या उभ्या धानात त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. दाणा पिवळसर आणि बारीक. हजारो लोंब्यांत तीन! आपण पाहिले असते का? पाहिले असते तरी विळ्याखाली गेले असते. दादाजींनी त्या तीन लोंब्या तोडून वेगळ्या ठेवल्या. दुसऱ्या वर्षी बांधीत वेगळ्या पेरल्या. जे आले त्यातून पुन्हा चांगले निवडले, पुन्हा पेरले. वर्षामागून वर्ष हेच. शिजवून पाहिले, भात मऊ आणि चवीला चांगला. बियाणे वाढत गेले.

शास्त्रज्ञ ज्याला निवड पद्धत म्हणतात ती हीच. त्यासाठी प्रयोगशाळा लागतेच असे नाही. नजर लागते, चिकाटी लागते आणि पोटाला चिमटा घेऊन चांगले बियाणे न खाण्याची ताकद लागते. शेवटची गोष्ट दीड एकरवाल्याला किती जड असते, ते आपल्या वाचकांना ठाऊक आहे.

मग दादाजींनी काय केले? बियाणे दिले. शेजाऱ्यांना दिले, मागायला येईल त्याला दिले. १९९० च्या सुमारास एका मोठ्या शेतकऱ्याने ते बियाणे नेऊन आपल्या शेतात लावले. भरघोस पीक आले. माल तळोधीच्या बाजारात गेला. व्यापाऱ्याने विचारले, या धानाचे नाव काय? नाव तर ठेवलेच नव्हते! त्या काळी एचएमटीच्या मनगटी घड्याळाची मोठी चलती होती. लग्नात जावयाला एचएमटी दिले की मांडवात चर्चा होई. व्यापाऱ्याने तेच नाव धानाला देऊन टाकले. एचएमटी! आज आपण किराणा दुकानात 'एचएमटी तांदूळ द्या' म्हणतो, तो तांदूळ हाच. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, पुढे छत्तीसगड, मध्य प्रदेश, आंध्र-तेलंगण, सगळीकडे पसरला. ज्याने शोधला त्याचे नाव मात्र पोत्यावर नव्हते. घड्याळाचे होते.

पुढची गोष्ट अधिक दुखरी आहे. १९९४ साली कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाही येथील भात संशोधन केंद्राकडून दादाजींचे बियाणे प्रयोगासाठी नेण्यात आले. १९९८ मध्ये अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने 'पीकेव्ही एचएमटी' नावाचे वाण प्रसारित केले. आपले श्रेय आपल्याला मिळाले नाही, ही दादाजींची तक्रार अखेरपर्यंत राहिली. आम्ही मूळ वाण शुद्ध करून विकसित केले, असे विद्यापीठाचे म्हणणे. शुद्धीकरण हेही काम आहे, ते मी नाकारत नाही. पण ज्या तीन लोंब्यांपासून सुरुवात झाली, त्या कोणी तोडल्या हे एका ओळीत लिहायला शाई किती लागली असती?

वाचकहो, इथे थांबून विचार करा. दादाजींचे नुकसान बियाणे वाटल्यामुळे झाले का? मला तसे वाटत नाही. वाटले नसते तर ते धान नांदेडच्या दीड एकरातच राहिले असते आणि दादाजींबरोबर संपले असते. शेकडो शेतकऱ्यांनी ते वेगवेगळ्या जमिनीत लावले, म्हणून ते कुठे चालते आणि कुठे नाही, हे कळले. नुकसान झाले ते वाटताना नावाची नोंद राहिली नाही म्हणून.

दादाजींनी धडा घेतला तो असा की, वाटणे थांबविले नाही, नाव ठेवायला शिकले. पुढे त्यांनी आणखी वाण काढले. नांदेड-९२, नांदेड चेन्नूर, नांदेड हिरा, विजय नांदेड. गावाचे नाव सरळ धानात घातले. आणि एकाचे नाव डीआरके. म्हणजे काय? दादाजी रामाजी खोब्रागडे! आता कोणा व्यापाऱ्याने घड्याळाकडे पाहण्याची गरज उरली नाही.

त्यांची ओळख देशभर झाली ती अहमदाबादच्या प्रा. अनिल गुप्ता यांच्या 'हनी बी' चळवळीशी जोडलेल्या राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानमुळे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या या चळवळीचा नियम मला फार आवडतो. मधमाशी फुलातले घेते, पण फूल गरीब होत नाही, आणि एका फुलाचे परागकण दुसऱ्याला पोहोचतात. तसे खेड्यातल्या माणसाचे ज्ञान छापायचे तर त्याच्या नावासह छापायचे, आणि त्याला समजेल अशा भाषेत त्याच्याकडे परत न्यायचे. २००५ साली राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते दादाजींचा गौरव झाला. २०१० मध्ये 'फोर्ब्स' मासिकाने ग्रामीण भारतातल्या कर्तबगार उद्योजकांच्या यादीत त्यांचे नाव घेतले. परंतु गौरवाने घर चालत नाही. शेवटची वर्षे आजारपणात आणि ओढगस्तीत गेली. ३ जून २०१८ रोजी दादाजी गेले.

कायद्याचेही दोन शब्द इथे सांगून ठेवते, कारण आपल्या शेतकरी घरांना ते क्वचितच कोणी सांगतो. २००१ साली पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा झाला. या कायद्याने शेतकऱ्याला बियाणे जपण्याचा, पेरण्याचा, अदलाबदलीचा, वाटण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिला आहे. नोंदणीकृत वाणाचे बियाणे ब्रँडच्या नावाने मात्र विकता येत नाही. आणि त्याच कायद्याने शेतकऱ्याला आपण शोधलेले वाण स्वतःच्या नावावर नोंदविण्याचाही हक्क दिला आहे. वाटण्याचा हक्क आणि नावाचा हक्क, दोन्ही एकाच कायद्यात! १९९० साली तळोधीच्या बाजारात हा कायदा असता तर, असे मनात येऊन जाते.

आता मोबाईलची ओसरी

आईच्या वेळी पाच-सहा बायांची ओसरी होती. आता ओसरी मोबाईलमध्ये आली आहे. आपली मुले रात्रंदिवस मोबाईल पाहतात म्हणून आपण कटकट करतो, आणि ती पुष्कळदा बरोबरच असते. पण याच यंत्रावर शिकण्याची केवढी मोठी ओसरी भरली आहे, हेही आईबापांनी समजून घेतले पाहिजे.

बहुतेकांच्या हातात अँड्रॉइड मोबाईल आहे. तो ज्या गाभ्यावर चालतो त्याचे नाव लिनक्स. १९९१ च्या ऑगस्टमध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकी शहरातल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने संगणकाच्या जाळ्यावरून जगातल्या जाणकारांना कळविले की, मी हौसेखातर अशी एक गोष्ट करतो आहे, तुम्हाला त्यात काय असावेसे वाटते ते सांगा. अर्धवट काम त्याने सर्वांना उघडे करून दाखविले. लोकांनी चुका काढल्या, दुरुस्त्या पाठविल्या, आणि हजारो हातांनी ते काम वाढले. पूर्ण झाल्यावर दाखवीन म्हणून तो बसला असता तर कदाचित आजही बसलेलाच असता.

आपल्या भाषेतले उदाहरण मराठी विकिपीडियाचे. विकिपीडिया हा इंटरनेटवरचा ज्ञानकोश १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला. मराठीत तो १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी आला. वर ज्या डॉ. केतकरांचे नाव आले, ज्यांची व्याख्या भीमरावांनी कोलंबियात तपासली, त्याच केतकरांनी १९२० च्या दशकात मराठीतला महाराष्ट्रीय ज्ञानकोश खंडाखंडाने काढला. त्यात लिहिणारे निवडक विद्वान होते. आताच्या या कोशात कोणीही लिहू शकतो. होय, कोणीही! तुमची नववीतली मुलगीसुद्धा.

मग त्यात खोटे लिहिले जात नाही का? जाते. म्हणूनच त्याची व्यवस्था पाहण्यासारखी आहे. प्रत्येक लेखाला एक इतिहासाचे पान असते. कोणी, कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणता शब्द बदलला ते सगळे तिथे राहते, आणि चुकीचा बदल उलटविता येतो. एक चर्चेचे पान असते, तिथे वाद घालायचा. आणि नियम असा की, जे लिहाल त्याला आधार दाखवा. पुस्तकातून उतारेच्या उतारे उतरवू नका. जे लिहिले ते खुल्या परवान्याखाली जाते. म्हणजे कोणीही ते घ्यावे, छापावे, बदलावे. पण मूळ लिहिणाऱ्यांचा उल्लेख करावा आणि पुढच्यालाही तसेच खुले ठेवावे. दादाजींच्या बियाण्याला जी नोंद मिळाली नाही, ती इथे सुरुवातीपासून ठेवली जाते.

माझ्या भाचीचा अनुभव सांगते. ती पवनीची. वैनगंगेकाठचे पवनी म्हणजे आपल्या जिल्ह्यातले प्राचीन बौद्ध स्थळ. तिने उत्साहाने पवनीच्या स्तूपाविषयी चार वाक्ये टाकली, आजोबांकडून ऐकलेली. तिसऱ्याच दिवशी कोणा अनोळखी माणसाने त्यातले एक वाक्य काढून टाकले आणि लिहिले, संदर्भ हवा. भाची रडकुंडीला आली. "मावशी, माझ्या आजोबांना खोटं ठरवतेत का हे लोक?"

मी म्हटले, खोटे नाही ठरवीत, विचारतात. शोध ना! मग ती ग्रंथालयात गेली. तिथल्या माणसांनी सांगितले की, १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व खाते यांनी मिळून पवनीला उत्खनन केले, आणि शां. भा. देव व जगत्पती जोशी यांचा अहवाल १९७२ साली निघाला. त्यातून तिला जगन्नाथ टेकडी कळली, जिथे ती लहानपणी बोरे वेचायला जात असे. दगडांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत, हे कळले. आजोबांचे एक वाक्य टिकले नाही. तीन टिकली, आता आधारासह. कोण तो अनोळखी माणूस, कुठल्या गावचा, कोणत्या जातीचा, तिला अजून माहीत नाही. एका वाक्याला हटकून त्याने तिला जे शिकविले, ते तिच्या शाळेत वर्षभरात कोणी शिकविले नव्हते.

हे सगळे खरे असले, तरी आईबापांनी एक सावधगिरी ठेवावी. विचार वाटायचे, प्रश्न वाटायचे, अभ्यास वाटायचा. घरचा पत्ता, बँकेचा नंबर, मोबाईलवर येणारा ओटीपी आणि मुलींचे फोटो वाटायचे नसतात. आणि ढकललेले संदेश पुढे ढकलणे म्हणजे ज्ञान वाटणे नव्हे. बाबासाहेबांच्या नावाने दररोज फिरणारी कितीतरी वाक्ये त्यांच्या एकाही ग्रंथात सापडत नाहीत. भाचीला विचारला तो प्रश्न तिथेही विचारावा. संदर्भ?

तर त्या वहीचे काय झाले?

दोन-तीन दिवस दोघी बोलल्या नाहीत. एका संध्याकाळी मी हमालाच्या मुलीला दादाजींची गोष्ट सांगितली. ती गप्प ऐकत होती. शेवटी एवढेच म्हणाली, "म्हंजे बाई, नाव त लिवाच लागते." दुसऱ्या दिवशी तिने रजिस्टरच्या पहिल्या पानावर आपले पूर्ण नाव लिहिले, तारीख घातली, आणि पानापानाचे फोटो काढून अभ्यासिकेच्या मोबाईल गटावर टाकले. अठरा मुले-मुली आहेत त्या गटात.

रात्री साडेनऊला पहिला निरोप आला, रोवणीवाल्या बाईच्या मुलीचा. पान क्रमांक चौदा. "ताई, तू नवेगाव बांध भंडारा जिल्ह्यात लिहिलं आहेस. १ मे १९९९ ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला ना? नवेगाव तिकडे गेलं. आपल्याकडे आता सातच तालुके." हमालाच्या मुलीने ती माहिती रद्दीतून घेतलेल्या जुन्या गाइडमधून उतरविली होती. वर्षभर ती तेच पाठ करीत होती. आणखी दोन चुका दुसऱ्या मुलांनी काढल्या. एका मुलाने आपली गणिताची वही टाकली, आणि त्यावरून पुन्हा अकरा वाजेपर्यंत वाद.

सकाळी अभ्यासिका झाडायला गेले तर दोघी आधीच येऊन पायरीवर बसलेल्या. किल्लीची वाट पाहत. मधे ते रजिस्टर उघडे, चौदाव्या पानावर भंडारा, मोहाडी, तुमसर, साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनी अशी सात नावे लाल शाईने लिहिलेली, आणि शेजारी कंसात दुरुस्ती सुचविणाऱ्या मुलीचे नाव.